लिहिलें म्हणजे राहिलें काय?

गेल्या महिन्यांत एका विद्वान् स्नेह्यांशीं बोलतां बोलतां वाद निघाला. त्यांचें म्हणणें असें कीं, गायनवादनासारख्या विद्येंत गुरूच्या पायांशीं वर्षानुवर्षें बसण्याचे दिवस आतां संपले. स्वरलेखन आहे, ध्वनिमुद्रणें आहेत, आणि आतां तर हातांतल्या यंत्रावर जगांतील वाटेल तें गाणें वाटेल तेव्हां ऐकतां येतें. मग एखाद्या तऱ्हेवाईक वृद्धाच्या लहरीवर कशासाठीं अवलंबून राहावें? एवढ्यावर ते थांबले असते तर मी गप्प बसलों असतों. पण आपल्या म्हणण्यास पुरावा म्हणून त्यांनीं तुर्कस्थानचें उदाहरण काढलें. तुर्कांनीं आपलें संगीत तोंडीं ठेवलें म्हणून तें अर्धेंअधिक बुडालें. पुढें शहाणे होऊन ते लिहूं लागले म्हणून उरलेलें वांचलें, असा त्यांचा निकाल. अशा तऱ्हेचा निकाल आमच्या सुशिक्षित घरांतून इतका सर्रास ऐकूं येतो, आणि त्यांत खऱ्याखोट्याची इतकी बेमालूम सरमिसळ असते, कीं त्याचा परामर्श घेणें मला अवश्य वाटतें. तुर्कस्थानचें उदाहरण त्यांनीं निवडलें हें एका परीनें बरेंच झालें. कारण त्या देशाचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव त्यांच्या बाजूची साक्ष देत नाहीं.

प्रथम ज्या पद्धतीला नांवें ठेवावयाचीं ती होती तरी कशी, हें पाहूं. तिला तुर्की भाषेंत ‘मेश्क’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. उर्दू जाणणारांना तो ‘मश्क’ ह्या रूपानें परिचित आहे. सुलेखनाच्या उस्तादानें कित्ता घालून द्यावा आणि शिष्यानें तो गिरवावा, ह्या क्रियेचें हें नांव. तेंच पुढें संगीताच्या शिकवणीस लागलें. ह्या संगीताची परिभाषा चाळूं लागलें म्हणजे मराठी वाचकाला आपण अगदींच परक्या घरांत आलों असें वाटत नाहीं. आमच्या रागाशीं ज्याची स्थूलमानानें तुलना करतां येईल त्याला ते ‘मकाम’ म्हणतात, आणि आमचा ‘मुक्काम’ हा त्याच शब्दाचा भाऊ. स्वरस्थानाला ते ‘पेर्दे’ म्हणतात. सतारीचे पडदे आम्हां सर्वांना ठाऊक आहेत. तालावांचून केलेल्या आलापीला ते ‘तक्सीम’ म्हणतात, आणि आमच्या जुन्या दप्तरांत तक्षीम म्हणजे वांटणी, हिस्सा. असो. शब्दांच्या ह्या सोयरिकीवरून संगीतांचें नातें सिद्ध करण्याचा मोह कित्येकांना होतो; तो मला नाहीं.

मेश्कचा पाठ असा चाले. शिष्य गुरूसमोर गुडघे मुडपून बसे. पहिल्यानें ‘उसूल’, म्हणजे ताल. तो दोन्ही हातांनीं आपल्याच गुडघ्यांवर वाजवावयाचा; उजव्या हाताचा भारी आघात ‘दुम’, डाव्याचा हलका ‘तेक’. मग पदाचे शब्द. एवढे मात्र कागदावर उतरून घेण्यास कोणाची हरकत नसे. आणि मग गुरूनें एक ओळ गावी, शिष्यानें हातांनीं ताल धरून ती परत गावी. चुकली कीं पुन्हा. जमली कीं पुढची. अखेरीस सगळी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळतां म्हणून दाखविली, म्हणजे ती शिष्याची झाली. गुडघ्यांवरचे हात ही ह्यांत नुसती ताल मोजण्याची सोय नव्हे. तुर्की संगीतांत लहान ताल आहेत तसे प्रचंडहि आहेत. ‘झेंजीर’ नांवाचा ताल, म्हणजे आपली जंजीर किंवा सांखळी, हा १६, २०, २४, २८ आणि ३२ अशा पांच तालांच्या कड्या एकींत एक गुंतवून १२० मात्रांचा होतो. एवढ्या लांबरुंद आवर्तनावर पसरलेली चाल नुसत्या कानानें लक्षांत ठेवणें दुर्घट. पण कोणती अक्षरें कोणत्या आघाताखालीं येतात हें एकदां हातांच्या अंगवळणीं पडलें, म्हणजे गळा चुकूं लागला तरी हात त्याला वाटेवर आणतात. हात हलवून वेदांचे उदात्तानुदात्त स्वर जपणाऱ्या आमच्या वैदिकांना हें समजावून सांगावें लागणार नाहीं. आमच्या पदवीधरांना मात्र सांगावें लागतें.

ह्या शिकवणीबद्दल साधारणतः मोबदला घेत नसत. राजवाड्यांतल्या पगारी शिक्षकांची गोष्ट वेगळी. इतरत्र ज्यानें घेतलें त्यानें पुढें द्यावें, हीच फेड. आणि घेतलें कोणाकडून, हें सांगणें ही शिष्टाचाराची नव्हे तर प्रामाण्याची बाब होती. इस्माईल देदे एफेंदी (१७७८–१८४६) हे ह्या संगीतांतील सर्वांत मोठ्या रचनाकारांपैकीं एक. मेव्हलेवी पंथाच्या येनीकापी येथील दर्ग्यांत ते तयार झाले. त्यांच्यापासून झेकाई देदे (१८२५–१८९७) यांनीं घेतलें. झेकाई देदे यांच्यापासून त्यांचे पुत्र अहमद इर्सोय, तसेच रौफ येक्ता आणि सुफी एझ्गी यांनीं घेतलें. ह्या नांवांची पुढें गरज पडणार आहे, म्हणून वाचकांनीं तीं लक्षांत ठेवावीं. हा वारसा एकाच धर्माच्या किंवा वंशाच्या घरांत कोंडलेला होता असेंहि नाहीं. सुलतान तिसरा सेलीम ज्यांच्यापुढें तंबूर शिकावयास बसला ते तंबुरी इसाक हे यहुदी. देदे एफेंदींच्या शिष्यांत निकोगोस आगा हे आर्मेनियन. गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या दोघांत देवळाचा आणि मशिदीचा प्रश्न आडवा आल्याचें दिसत नाहीं.

आतां स्नेह्यांचा आक्षेप. शेंकडों रचना बुडाल्या, हें खरें. कांहीं उस्ताद कृपण होते आणि आपल्याजवळचें उत्तमोत्तम घेऊन थडग्यांत गेले, हेंहि खरें; असले महाभाग आमच्याकडेहि थोडे झाले नाहींत. पण ‘तोंडीं ठेवलें म्हणून बुडालें’ याचा अर्थ ‘लिहिण्याचें साधन नव्हतें म्हणून बुडालें’ असा करावयाचा असेल, तर तो साफ चुकीचा आहे. साधनें एक सोडून तीन होतीं. सतराव्या शतकाच्या मध्यास अली उफ्की ह्या गृहस्थानें इस्तंबूलच्या राजवाड्यांत बसून शेंकडों रचना युरोपियन पद्धतीनें लिहून काढल्या. हा मूळचा पोलंडचा वोइचेख बोबोव्स्की. तार्तरांनीं पकडून आणलेला. त्याची वही आज लंडनच्या ग्रंथसंग्रहालयांत आहे. त्यानंतर सुमारें १७०० सालीं मोल्डेव्हियाचा राजपुत्र दिमित्री कांतेमिर यानें स्वतःची अक्षरलिपि योजून साडेतीनशेंच्या आसपास वाद्यरचना टिपून ठेवल्या. पुढें १८१३ च्या सुमारास हम्पारसुम लिमोंजियान ह्या आर्मेनियन संगीतज्ञानें आपल्या चर्चमधील जुन्या स्वरचिन्हांच्या आधारानें एक सुटसुटीत लिपि बसविली, आणि आज जें पुष्कळसें भांडार हातीं आहे त्यांतला मोठा भाग ह्या लिपीमुळेंच वांचला. साधनें होतीं, पण अली उफ्कीची आणि कांतेमिरची वही गवयांच्या बैठकींत कधीं आलीच नाहीं, आणि हम्पारसुमची लिपि आली तीहि सावकाश, मागच्या दारानें. हा आळस म्हणावा काय? झेंजीरसारख्या तालांतल्या रचना डझनांनीं पाठ करणाऱ्या माणसांवर आळसाचा आरोप जरा धाडसाचा होईल. कागदावरून जी वस्तु उचलली ती ‘आली’ असें ते मानीत नव्हते, एवढेंच ह्याचें कारण.

येथें माझें दुसऱ्या एका पक्षाशींहि भांडण आहे, तें उरकून घेतों. जुन्याच्या अभिमान्यांचा असा एक समज असतो कीं, मुखपरंपरेंत वस्तु जशीच्या तशी राहते, काना-मात्रेचा फरक होत नाहीं. तुर्की संगीतापुरतें तरी हें खोटें आहे. कांतेमिरच्या वहींतील कित्येक ‘पेश्रेव’, म्हणजे मैफिलीच्या आरंभीं वाजवावयाच्या रचना, एकोणिसाव्या शतकांतल्या वह्यांतूनहि सांपडतात. लंडनचे पंडित ओवेन राइट यांनीं हीं दोन रूपें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं. नांव तेंच, मकाम तोच, तालाचें नांवहि तेंच; पण मधल्या काळांत आवर्तनाची चाल फार संथ झालेली आणि तिच्या पोटांत स्वरांची इतकी दाटी झालेली, कीं एक दुसऱ्याचा वंशज आहे हें ओळखावयास पंडितच लागावा. प्रत्येक पिढीनें घेतलेलें किंचित् वाढवून पुढें दिलें, आणि आपण कांहीं वाढविलें हें बहुधा कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. ह्याला स्नेही ‘भ्रष्ट होणें’ म्हणतील. मी वाढणें म्हणतों. पण तो शब्दांचा वाद सोडला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या कांतेमिरच्या वहींत मूळ रूप ‘सुरक्षित’ आहे, तें आज वाजवावयास घेणाऱ्याची काय स्थिति होते? लय किती ठेवावी, स्वरावरून स्वरावर कसें उतरावें, अमुक पेर्देचा नेमका सूर कोणता, ह्यांपैकीं कशाचेंच उत्तर वही देत नाहीं. तीं उत्तरें वाजविणारा आपल्या काळाच्या कानानें देतो आणि त्यांना कांतेमिरचें नांव ठेवतो.

हा वाद गवई आणि पंडित यांच्यांतच राहिला असता तर ठीक. पण पुढें तो राज्यकर्त्यांच्या हातीं गेला. १९२३ सालीं तुर्की प्रजासत्ताक स्थापन झालें, आणि त्याच सालीं झिया गोकाल्प यांचा तुर्कवादाच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ निघाला. त्यांत संगीताचा निवाडा दोन-चार पानांत आटोपला आहे. दरबारांत आणि दर्ग्यांत वाढलेलें संगीत बायझंटाइन लोकांकडून आलेलें, म्हणून परकें, शिवाय रोगट. खेड्यांतील लोकांचें तेवढें खरें राष्ट्रीय. तेव्हां खेड्यांतल्या चाली गोळा कराव्या, त्यांवर युरोपियन स्वरमेळाचा साज चढवावा, कीं झालें नवें राष्ट्रीय संगीत! गोकाल्प हे मोठे समाजशास्त्रज्ञ. पण गाणें हें एका भांड्यांतून ओतून दुसऱ्यांत भरतां येतें, आणि ऐकणाराचा कान म्हणजे असेंच एक धुऊन पुसून ठेवलेलें भांडें, अशी त्यांची कल्पना असावी असें वाटतें. ग्रीक, आर्मेनियन, यहुदी आणि तुर्क ह्या संगीतांत एकत्र ओवले गेले होते, हाच त्याचा गुन्हा ठरला.

मग घटना भराभर घडल्या. १९२५ सालीं कायद्यानें सर्व दर्ग्यांना कुलुपें लागलीं. मेव्हलेवी दर्गे हीं ह्या संगीताचीं सर्वांत जुनीं विद्यापीठें होतीं, तींहि त्यांतच गेलीं. इस्तंबूलला १९१७ सालीं निघालेली ‘दारुलएल्हान’ नांवाची संगीतशाळा होती. १९२६ सालीं तिच्यांतील पौर्वात्य संगीताची शिकवणी बंद करण्यांत आली. आणि त्याच संस्थेंत, त्याच सुमारास, काय झालें तें पाहा. जुन्या रचना गोळा करून, पारखून, वर्गवारी लावून लिहून ठेवण्यासाठीं एक मंडळ नेमलें गेलें. मंडळावर कोण? रौफ येक्ता, अहमद इर्सोय, अली रिफात चाआताय. म्हणजे, ज्या घरांत ह्या मंडळींची विद्या शिकवूं नये असें ठरलें, त्याच घरांत त्यांनीं ती लिहीत बसावें असें ठरलें! घरांतल्या आजोबांना बोलावयाची मनाई करावी, आणि दिवाणखान्यांत बसून त्यांच्या बोलण्याचा कोश रचावा, तशांतला हा प्रकार.

माझ्या स्नेह्यांचा सगळा युक्तिवाद ह्या एका प्रसंगावर तपासून घेतां येईल. त्या मंडळानें जें लिहिलें तें आलें कोठून? जुन्या वह्या होत्याच. पण वहीवहींत मेळ नसे तेव्हां निकाल द्यावयाला माणूस लागे, आणि वहींत जें नव्हतें तें सांगावयालाहि माणूसच लागे. अहमद इर्सोय यांच्या गळ्यांत वडिलांपासून आलेलें भांडार होतें, आणि वडिलांच्या मागें देदे एफेंदी. म्हणजे मेश्कनें शंभर वर्षें सांभाळून आणलेलें धन कागदानें एकदां उतरून घेतलें, आणि श्रेय सगळें कागदाला मिळालें. १९३० नंतरच्या दशकांत मेव्हलेवी आयीन, म्हणजे त्या पंथाच्या समारंभांतील दीर्घ रचना, ह्याच मंडळाकडून छापून निघाल्या. त्या वेळीं ज्या दालनांत त्या गावयाच्या तीं कुलुपांत होतीं. मंडळाचे उपकार मी नाकारीत नाहीं. तीं पुस्तकें नसतीं तर आज हळहळावें लागलें असतें. परंतु लिहून घेणें हा शिकवण्याचा पर्याय आहे असें समजून तें झालें, आणि हा समज त्या पुस्तकांपेक्षां जास्त टिकाऊ ठरला.

ऐकणारांचें काय झालें, तेंहि सांगण्यासारखें आहे. नोव्हेंबर १९३४ मध्यें अतातुर्क यांनीं राष्ट्रसभेंतील भाषणांत चालू संगीताविषयीं नापसंति दर्शविली, आणि दुसऱ्याच दिवशीं नभोवाणीवरून जुन्या पद्धतीचें तुर्की संगीत बंद झालें. बंदी १९३६ पर्यंत चालली. तेवढ्या अवधींत लोकांनीं पाश्चात्य वाद्यवृंदाची गोडी लावून घ्यावी, अशी अपेक्षा. लोकांनीं काय केलें? यंत्राचा कांटा फिरवून कैरो लावलें! इजिप्तची नभोवाणी त्याच वर्षीं सुरू झाली होती, आणि तिच्यावर येणाऱ्या अरबी गाण्यांत त्यांना आपल्या मकामांचे चुलतभाऊ भेटले. पाठोपाठ इजिप्तचे बोलपट आले, त्यांवर लोकांच्या उड्या पडल्या, आणि सादेत्तिन कायनाक यांच्यासारख्या जुन्या तालमींतल्या रचनाकारानें त्या बोलपटांसाठीं तुर्की गाणीं रचलीं. ज्याला परकें म्हणून दारांतून घालविलें त्याच्या जागीं खरोखरीचें परकें खिडकींतून आंत आलें. कान हा हुकूम मानीत नाहीं. तो जेथें वाढला तेथली भाषा शोधीत फिरतो.

बंदी उठली, काळ बदलला. १९७६ पासून इस्तंबूलला तुर्की संगीताचें सरकारी विद्यालयहि चालूं लागलें. मग आतां रडावयाचें कशाला, असें कोणी विचारील. उत्तर जरा तपशिलांत शिरून दिलें पाहिजे, कारण खरी हानि ह्या तपशिलांतच आहे.

हें विद्यालय निघण्याच्या कितीतरी आधीं, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत, सादेत्तिन आरेल, सुफी एझ्गी आणि पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ सालिह मुरात उझदिलेक यांनीं तुर्की स्वरांचें एक शास्त्र बांधलें. तेंच पुढें शाळांतून शिकविलें गेलें. त्या शास्त्राप्रमाणें एका सप्तकाचे ५३ ‘कोमा’ धरावयाचे, मोठ्या स्वरांतराचे ९, आणि सप्तकांत एकंदर २४ स्वर नक्की करावयाचे. रचना मोठी नीटस आहे. पाश्चात्य कागदावर चार-दोन जादा चिन्हांनीं सगळें संगीत लिहितां येतें. अडचण एवढीच कीं गाणारे-वाजविणारे तसें गात-वाजवीत नाहींत. ‘सेगाह’ नांवाची पेर्दे घ्या. रास्त मकामांत ती एका उंचीवर लागते. उश्शाक मकामांत, विशेषतः उतरतांना, ती स्पष्टपणें खालीं येते. जुना गवई ह्याविषयीं कधीं बोलला नसेल, पण त्याचा शिष्य ती बरोबर खालीं लावी. कारण त्यानें उश्शाक ऐकला होता, सेगाह ऐकली नव्हती. कागदावर मात्र दोन्ही ठिकाणीं चिन्ह एकच. ज्यानें आधीं मकाम ऐकला आणि मग चिन्ह पाहिलें, त्याला चिन्हाची चूक उमगते आणि तो मनांतल्या मनांत ती दुरुस्त करून घेतो. ज्यानें आधीं चिन्ह पाहिलें त्याला गवईच बेसूर वाटूं लागतो! एझ्गी स्वतः झेकाई देदे यांच्यापुढें बसलेले. त्यांच्या कानाला कागद फसवूं शकत नव्हता. पण त्यांनीं आपला कागद पुढच्या पिढीला दिला. कान कसा द्यावयाचा, ह्याची सोय त्या कागदांत नव्हती. आमच्याकडील बावीस श्रुतींच्या वादांत ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं त्यांच्या आत्म्यांना हें ऐकून कदाचित् समाधान वाटेल.

तीच गोष्ट खेड्यांतल्या गाण्याची. त्याच्यावर तर राज्यकर्त्यांची मर्जी होती. १९३६ सालीं बेला बार्टोक हंगेरीहून आले आणि अद्नान सायगुन यांना बरोबर घेऊन दक्षिणेकडील भटक्या जमातींत फिरले. १९३७ पासून अंकाराच्या सरकारी संगीतविद्यालयाच्या तुकड्यांनीं खेडींपाडीं पालथीं घालून हजारों चाली ध्वनिमुद्रित केल्या. त्या कामांतले मुझफ्फेर सारीसोझेन यांनीं पुढें नभोवाणीवर लोकगीतांचा एक वृंद उभा केला, आणि सबंध देशाला एकमेकांचीं गाणीं ऐकवलीं. काम मोलाचें, पण वृंद म्हटला कीं वीस जणांनीं एकच चाल एकसारखी म्हणावयाची. खेड्यांत जें गाणें दर दोन कोसांवर वेगळें होतें त्याचें एक रूप लिहिलें गेलें, मंजूर झालें, आणि मग ज्या खेड्यांतून तें आणलें त्या खेड्यांतल्या म्हाताऱ्याचेंच गाणें ‘चुकीचें’ ठरण्याची पाळी आली. ‘आशिक’ म्हणजे तिकडील शाहीर; त्यांचें शिक्षण उस्तादाबरोबर गांवोगांव हिंडून होई, आणि शिष्य तयार झाला म्हणजे उस्ताद त्याला टोपणनांव बहाल करी. शिवास प्रांतांतले आशिक वेय्सेल (१८९४–१९७३) हे लहानपणींच अंध झालेले. त्यांना ग्रामशिक्षणसंस्थांतून साझ हें वाद्य शिकवण्यास नेमलें होतें, ही त्या राजवटींतली खरोखर शहाणपणाची गोष्ट. कोणाला तरी तेथें सुचलें होतें कीं मुलांपुढें पुस्तक न ठेवतां माणूस बसवावा.

अंधांचा विषय निघालाच आहे तर कानी काराजा यांचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. ह्यांचा जन्म १९३० सालचा, अदाना प्रांतांतला. दृष्टि तान्हेपणींच गेलेली. म्हणजे शिकवणी बंद झाल्यावर चार वर्षांनीं जन्मलेला आणि कागद ज्याच्या उपयोगाचाच नाहीं असा हा माणूस. स्नेह्यांच्या हिशेबानें त्याच्या वांट्याला कांहींच यावयाला नको होतें. तो इस्तंबूलला आला. सादेत्तिन कायनाक, सादेत्तिन हेपेर अशांच्या समोर बसला. आणि जुन्या रीतीनें, गुडघ्यावर हात मारीत, कुराणपठणापासून मेव्हलेवी आयीनांपर्यंत सारें घेऊन २००४ सालीं वारला, तेव्हां ह्या संगीताचा एक मोठा आधार गेला असें डोळस पंडितांनीं म्हटलें. त्यांचीं ध्वनिमुद्रणें ज्यांनीं ऐकलीं असतील त्यांना मी काय म्हणतों तें कळेल. शाळा बंद झाल्या तरी दोन माणसांच्या मधली ती हातभर जागा सरकारला बंद करतां आली नव्हती.

आतां ध्वनिमुद्रणांचाच प्रश्न. स्नेह्यांचा हा मुद्दा मात्र भारी आहे, हें मी कबूल करतों. तंबुरी जेमिल बे (१८७३–१९१६) यांच्या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या तबकड्या नसत्या, तर त्यांचा तंबूर आणि केमेंचे आज दंतकथा होऊन राहिले असते. कागद जें सांगत नाहीं तें तबकडी सांगते: सूर, लय, मींड, दम. कित्येक थोर वादक त्या तबकड्या ऐकून ऐकून झिजवीत घडले. पण तबकडीचीं दोन व्यंगें आहेत. एक, ती शिष्याचें ऐकत नाहीं. तुम्ही सेगाह वर लावा कीं खालीं, ती आपली गात राहते; आणि शिकणाराचा कान कच्चा असेपर्यंत त्याला आपली चूक ऐकूंच येत नाहीं, हीच तर शिकण्यांतली मुख्य अडचण. दुसरें, जेमिल बेंनीं जी तक्सीम एका दुपारीं, तबकडीच्या तीन-चार मिनिटांच्या मापांत, त्या क्षणीं सुचली तशी वाजविली, तीच आज स्वरास्वरानें लिहून, पाठ करून परीक्षेंत वाजवितां येते. तक्सीम म्हणजे तत्क्षणीं करावयाची वांटणी. इथें दुसऱ्यानें शंभर वर्षांपूर्वीं केलेल्या वांटणीचा दस्तऐवज वाचून दाखवावयाचा. जेमिल बे समोर असते तर त्यांनीं दुसऱ्या दिवशीं वेगळी वाजविली असती, आणि शिष्याला तेवढ्यानेंच कळलें असतें कीं ह्यांत कायमचें काय आणि बदलतें काय.

एक अडचण प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. मेश्कला फुरसत लागे. दर्ग्याचें अन्न, राजवाड्याचा आश्रय, नोकरीपेशाच्या माणसाला मोकळ्या संध्याकाळी. हें सगळें होतें म्हणून फुकट शिकवणें आणि दहा दहा वर्षें शिकणें परवडत होतें. तें आज परत आणतां येणार नाहीं, आणि दर्ग्यांच्या व दरबारांच्या बाकीच्या व्यवस्थेसकट तें परत यावें असें मला वाटतहि नाहीं. म्हणून माझें मागणें लहानसें आहे: क्रम उलटा करूं नका. आधीं कान, मग गळा किंवा हात, आणि मग वही. वही ही शिकलेल्याची आठवण आहे. न शिकलेल्याला तिच्यांत आठवावयाचें काय?

हें मागणें इस्तंबूलला पाठवावयाचें नाहीं. तिकडे हा विचार करणारे लोक आहेत आणि जुन्या रीतीनें शिकवणारेहि आहेत. तें येथल्यांसाठीं आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनीं घराण्यांच्या पोतडींतून चीजा मिळवून लिहून छापल्या, त्याचें ऋण फिटणारें नाहीं. पण त्यांनीं त्या मिळविल्या त्या गवयांच्या समोर बसून, ऐकून, हें त्यांच्या पुस्तकांवर परीक्षा देणारांपैकीं किती जणांच्या लक्षांत असतें?

स्नेह्यांची नात गाणें शिकते. वाद झाला त्या संध्याकाळीं ती वही घेऊन बाहेर आली आणि भीमपलासांतली एक चीज तिनें म्हणून दाखविली. मात्रा चोख, स्वरांचीं नांवें चोख. मीं म्हटलें, ‘वही मिटून म्हण पाहूं.’ दुसऱ्या ओळीला ती थांबली. मग मीं तीच ओळ माझ्या बेताच्या आवाजांत तीन-चार वेळां म्हटली, तिला मांडीवर ताल धरावयास लावलें, आणि ती म्हणूं लागली. गांधार पहिल्यापेक्षां जरा खालीं आला, आणि तिचा तिलाच तो आवडलासें दिसलें. मीं स्नेह्यांना सुचविलें कीं, महिनाभर ही वही कपाटांत ठेवावी, आणि चीज गळ्यांत बसली म्हणजेच काढावी. ते कांहीं वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘परीक्षा पुढच्या महिन्यांत आहे.’